कामठ्याचं पाणी

माशाला जंत होतात असं गोंदियात कुणाला सांगितलं, की समोरचा आधी माझ्या तोंडाकडे पाहायचा आणि मग हसायचा. बकरीला होतात, लेकराला होतात, कुत्र्याला होतात, ते सगळं मान्य. पण माशाला? "मॅडम, वो तो खुदही कीडा खाता है," असं एका राइस मिलवाल्या शेठनं मला ऐकवलं होतं. मी म्हटलं, शेठजी, खाल्लेला किडा वेगळा आणि पोटात बिऱ्हाड करून बसलेला वेगळा. शेठजींना ते पटलं नाही. त्यांच्या काचेच्या टाकीतला कपाळफुगा मासा मात्र मरायला टेकला होता, म्हणून मुकाट्यानं औषध घेऊन गेले.

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्याच वर्षी मी शोभेच्या माशांचं दुकान टाकलं. स्टेशनकडून बाजाराकडे जाताना एका बोळात, शिंप्याच्या शेजारी. पहिल्या उन्हाळ्यात निम्मे लोक रोहूचा भाव विचारायला यायचे. आमच्या विहारातल्या बायकांना वेगळीच काळजी. खायचे नाहीत तर विकतेस काऊन, आणि विकायचे तर त्यांना नावं काऊन ठेवतेस, असं विचारायच्या. मला मासे आवडायचे, एवढंच. आता दुकान पुतण्याकडे दिलंय, तरी सकाळी चहा प्यायच्या आधी मी आतल्या टाक्यांवरून एक चक्कर मारून येते. पुतण्या चिडतो, पण माझा स्वभाव काही जाणार नाही.

बाहेरच्या माणसाला या धंद्यातलं एवढंच कळलं तरी पुरे, की मासे विकणं सोपं आहे, जगवणं कठीण. विकलेला मासा आजारी पडला की लोक परत दुकानातच येतात, कारण माशाचा डॉक्टर आमच्या भागात कुठून असणार? म्हणून मीच शिकले. मागवलेली पुस्तकं वाचली, नागपूरच्या व्यापाऱ्यांचं डोकं खाल्लं, आणि बाकीचं माशांनीच शिकवलं. काही जंत कल्ल्यात बसतात, ते डोळ्याला दिसत नाहीत. मासा दगडावर अंग घासायला लागतो, पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकतो. आणि काही पोटात राहतात. मासा मजेत खातो, तरी पोट आत जातं, पाठ सुरीसारखी होते. मग एक दिवस शेपटीच्या अलीकडे, विष्ठेच्या जागेतून लालभडक बारीक दोरे बाहेर आलेले दिसतात. मासा थांबला की बाहेर, हलला की आत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला दोन दिवस शेवया खाववल्या नाहीत.

त्याचं औषध मी जनावरांच्या दवाखान्याशेजारच्या दुकानातून आणायची. बकऱ्यांच्या जंतांची पूड. तो दुकानदार दरवेळी विचारायचा, बकऱ्या किती? मी म्हणायची, एकही नाही, मासे आहेत. की तो आतल्या माणसाला हाक मारून मला दाखवायचा. पुढे त्याच्याच पोरीनं माझ्याकडून टाकी नेली, तेव्हापासून हसणं बंद झालं.

हे औषध जंताला मारत नाही, लुळं पाडतं. पकड सुटली की जंत खाली पडतो. म्हणून दुसऱ्या दिवशी टाकीचा तळ नळीनं ओढून साफ करायचा, आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा डोस द्यायचा, कारण तेव्हा जी पिल्लं होती ती आता मोठी झालेली असतात. हा दुसरा डोस म्हणजे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं भांडण. कुणी देतच नव्हतं. मासा खेळायला लागला, की पुडी फडताळात. महिना-दोन महिन्यांनी रडत परत. मी दुकानातच आवाज चढवायची. एका गुरुजींनी माझं औषध परस्पर रद्द करून टाकीत वावडिंगाचा काढा ओतला होता, घरच्या लेकरांना देतात तसा. पाणी चहासारखं झालं आणि मासे कुठे आहेत तेच दिसेना. गुरुजी म्हणाले, जंतही दिसून नाही राहिले.

दुसरं भांडण पाहुण्यांच्या टाकीवरून. कलकत्त्याकडून, नागपूरकडून रेल्वेनं थर्माकोलच्या खोक्यांत मासे यायचे. ते मी वेगळ्या टाकीत ठेवायची आणि विकायची नाही. पाहुणा दारात आला की आधी पाय धुतो ना, तसंच हे. त्याच्या पोटात काय आहे ते कळेपर्यंत घरच्यांत मिसळू द्यायचा नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, दिसून तर राहिले, मग देत काऊन नाही? मी म्हणायची, नाही देत, जा. माझं तोंड असं असूनही दुकान चाललं, याचं मला आजही नवल वाटतं.

एवढी काळजी घेऊनही ज्या एका टाकीनं मला जेरीस आणलं, ती टाकी होती वनिताच्या घरची.

वनिताचा नवरा दिलीप मोटारी वाइंडिंग करायचा, पंपाच्या आणि गिरणीच्या. घर रेल्वे लाइनीच्या पलीकडे. दिलीपचे वडील फागूजीबाबा, जवळच्या कामठा गावचे शेतकरी. बायको गेल्यावरही तिथंच एकटे राहायचे. एका हिवाळ्यात तापानं फणफणून पडले आणि शेजाऱ्यानं दार ढकललं म्हणून वाचले. त्यानंतर दिलीप त्यांना उचलून गोंदियाला घेऊन आला. शेत ठेक्यानं दिलं. पण म्हाताऱ्याचं मन लागेना. रोज सकाळी पिशवी भरायचे, रोज वनिता ती रिकामी करायची. शेवटी दिलीपनं माझ्याकडून एक टाकी नेली. त्यात काळ्या मॉली आणि एंजलची जोडी. एंजल म्हणजे तो चपटा, उभा, लांब पंखांचा मासा. जोडीतल्या नराचं नाव बाबांनी पतंग ठेवलं.

आणि म्हातारा बसला. टाकीसमोर खुर्ची टाकून बसला तो बसलाच. वनिता मला सांगायची, की बाबा जेवताना ताट घेऊन तिथं जातात, माशांना शेताची हकीकत सांगतात, पिशवी भरायची विसरून गेलेत. तिला ते सांगताना काय आनंद व्हायचा! कुणाच्या सासऱ्याचं मन माझ्या दुकानातल्या माशानं लागलं, याचा मलाही फार आनंद झाला. माझ्या कामातून याहून मोठं काही झालं असेल असं मला वाटत नाही.

मग लाल दोरे निघाले. मी औषध दिलं, बरे झाले. दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा निघाले. मी वनितावर डाफरले, दुसरा डोस दिला नसणार. तिनं शपथ घेतली. पुन्हा औषध, दोन्ही डोस मी स्वतः मोजून दिले. पुन्हा बरे, आणि पावसाळा सरता सरता पुन्हा तेच. आता माझीच झोप उडाली. टाकीत नवा मासा नाही, नवी वनस्पती नाही, नालीतले लाल किडे चारत नाहीत, सगळं विचारून झालं. मग हा जंत येतो कुठून? एक मॉली मेली, पतंगाच्या मादीची पाठ सुरीसारखी झाली होती.

या वेळी वनिता दुकानात आली ती डोळे पुसत. तिला त्या दोऱ्यांची किळस यायची, लेकरं त्याच खोलीत जेवायची, तरी तिनं चकार शब्द काढला नव्हता. दिलीपचा मात्र पारा चढला होता. आता परत निघाले तर टाकी उचलून नालीत रिकामी करतो, असं तो बापासमोर बोलून बसला. बाबांनी आवाजही चढवला नाही. म्हणाले, मासोळ्या गेल्या तं मी बी चाललो कामठ्याले. आणि सकाळी पिशवी पुन्हा खाटेवर.

"बाई, ते गेले तं या हिवाळ्यात वाचनार नाही," वनिता म्हणाली. "तुम्ही येऊन पाहा ना जी एकडाव."

मी गिऱ्हाइकाच्या घरी सहसा जात नसे. त्या दिवशी शिंप्याला दुकानाकडे लक्ष द्यायला सांगितलं आणि तिच्या मागे निघाले. सोमवार होता. टाकी पाहिली, पाणी पाहिलं, तळ पाहिला. सगळं स्वच्छ. वनितानं टाकी माझ्या दुकानापेक्षा चांगली ठेवली होती, हे मला कबूल करावं लागलं. बाबा घरात नव्हते. कुठं गेले विचारलं, तर म्हणाली, सोमवारी शेतावर चक्कर मारून येतात, काळीपिवळी जीपनं जातात अन् दुपारच्या आत परत. तेवढंच त्यांना बरं वाटते.

चहा झाला तेवढ्यात बाबा आले. धोतर गुडघ्यापर्यंत, डोक्याला दुपट्टा, आणि हातात तेलाची पाच लिटरची कॅन, आत पाणी. मला पाहून हसले. चप्पल काढली, पाय धुतले, आणि ती कॅन घेऊन सरळ टाकीपाशी गेले. झाकण उघडलं आणि बारीक धारेनं पाणी सोडायला लागले. मासे धावत आले. धारेखाली तोंडं उघडून असे नाचायला लागले, की माझ्या दुकानातल्या महागातल्या खाद्यावर कधी नाचले नसतील.

"नळाच्या पान्यात जीव नसते, बाई," बाबा म्हणाले. "माह्या बोडीचं आनतो यायच्यासाठी. पाहा कशा खुश झाल्या."

मी कॅन त्यांच्या हातातून घेतली आणि खिडकीच्या उजेडात धरली. पाण्यात पांढरे बारीक ठिपके उड्या मारत होते, रव्याएवढे. पाण्यातल्या पिसवाच म्हणा. आमच्याकडच्या प्रत्येक बोडीत, म्हणजे शेतातल्या लहान तळ्यात, असतात, त्यात बोडीचा काही दोष नाही. माशांना तो मेवा वाटतो. आणि त्याच पिसवेच्या पोटात जंताचं पिल्लू बसलेलं असतं. पिसू माशानं खाल्ली, की पिल्लू माशाच्या पोटात. वनितानंही पाण्याचं कधी सांगितलं नव्हतं, कारण मी तिला मासे विचारले, खाद्य विचारलं, वनस्पती विचारली. पाणी कुठलं, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात येईल? गोंदियात नळ सोडून माशासाठी शेतातून पाणी आणणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आता हे सांगायचं कसं? मी फटकळ बाई. मिलच्या शेठला सुनावते, गुरुजींना सुनावते. पण तो म्हातारा टाकीच्या काचेला बोट टेकवून पतंगाला विचारत होता, काय गा, आता तरी पोट भरलं का? मी वनिताकडे पाहिलं. तिला माझ्या चेहऱ्यावरून काहीतरी कळलं होतं, ती स्वयंपाकघराच्या दारात पदर धरून उभी राहिली.

शेवटी मी बाबांच्या शेजारी जमिनीवर बसले आणि विचारलं, बाबा, नारू माहीत आहे का तुम्हाला? नव्या लोकांना सांगायला हवं, नारू म्हणजे माणसाच्या पायातून निघायचा तो हातभर लांबीचा जंत. आता देशातून गेला. पण त्यांच्या पिढीला विचारावं लागत नाही.

"माहीत?" बाबांनी धोतर वर केलं. नडगीवर जुना, चकचकीत वण होता. "माह्या आंगातून निंघाला."

जवानीत ते यवतमाळकडे कालव्याच्या कामावर गेले होते. तिथं पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी प्यायले आणि वर्षभरानं पाय सुजला. किड्याचं तोंड बाहेर आलं तेव्हा ते काडीला बांधून रोज थोडं थोडं गुंडाळायचे, तुटलं तर पाय जायचा म्हणून श्वास धरून. मग गावात आरोग्यवाले आले आणि म्हणाले, पाणी कापडातून गाळून प्या. विहिरीतल्या बारीक पिसवांतून तो किडा पोटात जातो. तेव्हापासून कुठंही गेले तरी गाळल्याशिवाय प्यायले नाहीत, असं सगळं त्यांनी मला अगदी खुलवून सांगितलं. आणि सांगता सांगताच थांबले. माझ्या हातातल्या कॅनकडे पाहिलं.

मी ती पुन्हा उजेडात धरली. म्हाताऱ्यानं पुढे वाकून ते उड्या मारणारे ठिपके पाहिले.

"म्हंजे म्याच चारून राहिलो होतो," ते म्हणाले.

मी म्हटलं, बाबा, तुम्ही लाडानं आणलं. ते ऐकूनही त्यांनी मान वर केली नाही. वनिता दारातून आली, त्यांच्या हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, यांना सांगायचं नाही, हे आपल्या तिघांत राहील. यांना म्हणजे दिलीपला. मला ती पोर त्या क्षणी फार आवडली. पण बाबांनी नाही म्हटलं. संध्याकाळी दिलीप घरी आल्यावर त्यांनी स्वतःच त्याला सगळं सांगितलं, हे मला नंतर कळलं. दिलीप जेवला आणि टाकीसमोर बापाशेजारी जाऊन बसला.

औषध पुन्हा दिलं, दोन्ही डोस. मी बाबांना बोडीचं पाणी बंद करा असं म्हणणार होते, तेच सोयीचं होतं. पण सोमवारची ती फेरी बंद झाली तर या माणसाकडे काय उरतं, हा विचार आला. म्हणून म्हटलं, आणा, पण गाळून. जुन्या धोतराचं मऊ कापड, चार पदरी, बादलीच्या तोंडाला बांधून. कापड उन्हात वाळवायचं. आणि गाळलेलंही लगेच ओतायचं नाही, रांजणात आठवडाभर राहू द्यायचं. बाबांनी ते असं उचललं, की दर सोमवारी अंगणात तो कार्यक्रमच व्हायचा. लेकरं भोवती गोळा व्हायची. कापडावर हिरवं शेवाळ, काड्या, ते पांढरे ठिपके उरायचे, ते बाबा सगळ्यांना दाखवायचे आणि वण उघडा करून नारूची गोष्ट सांगायचे.

जंत पुन्हा आले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात पतंगाच्या जोडीनं टाकीतल्या नळीवर अंडी घातली. ही बातमी सांगायला बाबा भर दुपारी पायी दुकानात आले. मी त्यांना थंडा मागवून पाजला. त्या दिवशी आम्ही दोघंही उगीचच हसत होतो.

पुढे त्यांचे गुडघे गेले. काळीपिवळीत चढवेना. कामठ्याचं पाणी कसं आणायचं? तर दिलीप म्हणाला, मी आणतो. सोमवारी सकाळी कॅन गाडीला अडकवून निघायचा आणि संध्याकाळी भरलेली कॅन अंगणात ठेवायचा. मला हे वनितानं सांगितलं तेव्हा मी मनातल्या मनात त्या पोराला सगळं माफ केलं. टाकी नालीत ओततो म्हणणारा हाच, असं वाटायचं.

मग एका दुपारी बाबा रिक्षानं दुकानात आले, काठी टेकत. आजूबाजूला गिऱ्हाईक नाही असं पाहून त्यांनी पिशवीतून ते गाळणीचं कापड काढलं आणि माझ्यासमोर पसरलं. म्हणाले, पाहा.

मी पाहिलं. कापड स्वच्छ होतं. शेवाळाचा डाग नाही, काडी नाही, काही नाही.

"लगीत दिवस झाले, कोरंच निंघते," बाबा म्हणाले. "बोडीच्या पान्याले असं कापड राहते का? नळाचं हाय. त्याच्या दुकानापाशी नळ हाय ना."

मला धक्का बसला, आणि खरं सांगते, दिलीपचा संतापही आला. पहिल्या पहिल्यांदा गेला असेल, मग हंगामात पंपांची कामं वाढली असतील, हे मला समजत होतं. पण म्हाताऱ्याला फसवायचं? मी म्हटलं, बाबा, मी बोलते त्याच्याशी. आणि लगेच दुसरी भीती आली. हे कळल्यावर हे पिशवी भरतील की काय? मी तसं विचारलंच, कामठ्याला जायचं तर मनात नाही ना तुमच्या?

बाबांनी कापडाची घडी घातली. एकावर एक, चार पदर बरोबर जुळवून.

"तो दर सोमवारी कॅन घेऊन निंघते. दिवसभर काम करते. अन् संध्याकाळी भरून आनून ठेवते, बोडीत पाय भिजले म्हनून सांगते," ते म्हणाले. "माह्यासाठी एवढं खोटं बोलून राहिला तो. असं घर सोडून मी कुठी जाऊ?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी लपवलं नाही. बाबांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. मग त्यांना ज्या कामासाठी आले होते ते आठवलं. कापड जुनं झालं होतं, मधे विरलं होतं, आणि माझ्या शेजारी शिंपी होता. दिलीपनं आणलेलं पाणी त्याच्यासमोर गाळायला नवं पाहिजे, असंच मऊ, असंच घट्ट विणीचं.

मी शिंप्याकडून धोतराचा तुकडा आणला, उजेडाकडे धरून पाहिला, चार पदरी करून त्यांच्या हातात दिला. त्यांनी विचारलं, यातून काही जानार नाही ना?

मी म्हटलं, नाही जाणार, बाबा. गाळत राहा.